सशाची मान कलली: कान की मेंदू, आणि पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

रानजाई

रात्री ससा नीट खात होता आणि सकाळी त्याचं डोकं एका बाजूला पडलेलं, उभा राहायला गेला की कलंडतो. मदत मागणारे निरोप बहुतेक अशाच शब्दांत येतात. लगेच खाली सल्ले सुरू होतात: लकवा आहे, मान मोडलीय, आता त्याला त्रास देऊ नका. या सल्ल्यांपायी बरे होऊ शकणारे ससे जातात, म्हणून सगळी माहिती एका ठिकाणी असावी असं वाटलं. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो. तिथून निघालेली नस मेंदूच्या खोडापर्यंत जाते. या वाटेवर एका बाजूला बिघाड झाला की डाव्या आणि उजव्या कानाकडून येणारी खबर जुळत नाही. सशाला जमीनच तिरकी भासते आणि तो डोकं त्या तिरक्या जमिनीला जुळवून घेतो. दुखणं मानेत नसतं. त्यामुळे मान चोळून किंवा हाताने धरून सरळ करण्यात काही हशील नाही. घाबरलेला ससा मागच्या पायांनी उसळी मारतो, आणि त्या झटक्यात त्याचा कणा मोडू शकतो.

कारणं बरीच असली तरी दोन वारंवार भेटतात. एक, मधल्या आणि आतल्या कानातला जिवाणूंचा संसर्ग. दुसरं, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय हा सूक्ष्म परजीवी, ज्याला सगळे ई-क्युनिक्युलाय म्हणतात. तो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्याच्या भिंगात घर करतो. याशिवाय पडल्याने डोक्याला मार, जुना रंग कुरतडून झालेली शिशाची विषबाधा, मेंदूतला गळू किंवा गाठ, म्हाताऱ्या सशात मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. कुत्र्यांच्या पिसवांवरचं फिप्रोनिल सशाला लावलं तर आकडी आणि तोल जाणं दोन्ही होतं, म्हणून अलीकडे अंगावर काय लावलं हे आधी आठवून पाहा.

ओळखायचं कसं? समोरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून बघा. दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेषा जमिनीशी समांतर हवी. लोंबत्या कानांच्या जातीत कानांवरून अंदाज चुकतो, डोळ्यांचीच रेषा धरा. सुरुवातीला कल इतका थोडा असतो की फोटोतच कळतो. त्याआधीही काही खुणा दिसतात: उडी मारताना अंतर चुकणं, अंग चाटताना एका बाजूला कलंडणं, एकाच दिशेने गोल फिरणं, कान झटकणं, मागच्या पायाने कानाच्या बुडाशी खाजवणं, आवडतं खाणंही तोंडातून निसटणं.

मग डोळे बघा. बुबुळं आपोआप एका दिशेला सरकून झटक्याने परत येत असतील तर दिशा नोंदवा: आडवी, गोल की उभी. आडवी किंवा गोल थरथर कानाकडे बोट दाखवते. उभी थरथर, किंवा ससा उताणा केल्यावर दिशा बदलणारी थरथर, मेंदूकडे. दुसरी तपासणी डॉक्टरांवर सोडा, घरी सशाला उताणं करू नका.

डॉक्टरांकडे निघण्याआधी २०-३० सेकंदांचे दोन व्हिडिओ घ्या: एक चालताना, एक डोळ्यांचा जवळून. दवाखान्यात ससा भीतीने गोठून बसतो आणि निम्मी लक्षणं दिसतच नाहीत. शेवटचं खाणं कधी, शेवटच्या लेंड्या कधी, वजन किती, कुठली औषधं चालू आहेत, हे लिहून न्या. आणि उपाशी नेऊ नका. सशाला उलटी होत नाही, त्याचं पोट रिकामं ठेवण्याचं कारणच नाही. भूल द्यायची असली तरीही.

कानोसा

छान सुरुवात. कानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चुकतं ते इथेच.

बाहेरून कान स्वच्छ दिसला म्हणजे कान ठीक आहे असं होत नाही. नाकातला संसर्ग घशाकडच्या नळीतून थेट मधल्या कानात चढतो आणि पडद्यामागच्या हाडाच्या कुपीत पू साठतो. या कुपीला बुल्ला म्हणतात. दुर्बिणीतून पडदा धड दिसतो आणि मागे कुपी गच्च भरलेली असते. शिंका, ओलं नाक, पुढच्या पंज्यांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील तर संशय वाढवा. पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस, बोर्डेटेला, स्यूडोमोनास हे नेहमीचे जिवाणू.

सशाचा पू दह्यासारखा किंवा टूथपेस्टसारखा घट्ट असतो. तो वाहून जात नाही आणि औषधही त्यात शिरत नाही. दहा दिवसांच्या अँटिबायोटिकने ससा बरा वाटतो आणि थांबवल्यावर पंधरवड्यात परत कलतो, त्याचं कारण हेच. कानाच्या संसर्गाला कमीत कमी ४ ते ६ आठवडे धरून चला. बऱ्याचदा त्याहून जास्त लागतात.

लोंबत्या कानांच्या सशांत कानाची नळी बुडाशी दुमडलेली आणि अरुंद असते. मळ साचतो, नळीची भिंत फुगते आणि कानाच्या बुडाशी बोटाला मऊ गोळा लागतो. आठवड्यातून एकदा दोन्ही बुडं एकाच वेळी चिमटीत धरून तुलना करा. एका बाजूला गोळा, दुखरेपणा किंवा वास असेल तर मान कलायची वाट पाहू नका.

चेहराही बघा. चेहऱ्याची नस मधल्या कानाच्या अगदी लगत जाते. एका बाजूचा ओठ लोंबणं, पापणी पूर्ण न मिटणं, नाक एकीकडे ओढलेलं असणं, हे कलाच्या बाजूलाच असेल तर कानाची शक्यता बरीच वाढते.

आता काय करू नये. कापसाची काडी आत घालू नका. घरातले कुठलेही कानाचे थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन आणि क्लोरहेक्सिडिन आतल्या कानाला कायमची इजा करतात, आणि बऱ्याच थेंबांत स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. खरजेच्या किड्यांनी कानात खपल्यांचे थर जमले असतील तर त्या ओढून काढू नका, खाली कातडी सोलवटते. डॉक्टर सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन देतात, किडे मेले की खपल्या आपोआप गळतात.

दुर्वा

एक शंका. मान कललेल्या प्रत्येक सशाला लगेच फेनबेंडाझोल, म्हणजे परजीवीवरचं औषध, सुरू करावं असं सर्रास सांगतात. नुसतं तेवढं पुरतं का?

लंबकर्ण

पुरत नाही. 'ई-क्युनिक्युलाय असणार' म्हणून २८ दिवस फेनबेंडाझोल दिलं जातं आणि त्या २८ दिवसांत कानातला पू हाड पोखरतो. उलटही होतं. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत अनेक डॉक्टर दोन्ही बाजूंनी उपचार सुरू करतात: परजीवीसाठी फेनबेंडाझोल आणि कानासाठी अँटिबायोटिक. तपासण्या आल्या की नको ते थांबवतात. मला हीच पद्धत रास्त वाटते.

तपासण्यांबद्दल. रक्तातली प्रतिपिंडं नसली, म्हणजे चाचणी निगेटिव्ह आली, तर ई-क्युनिक्युलायची शक्यता खूपच कमी होते. पॉझिटिव्ह आली तर मात्र फारसं सिद्ध होत नाही. कसलंही लक्षण नसलेले पुष्कळ ससे पॉझिटिव्ह असतात, त्यांच्या शरीराने परजीवीला आवरून धरलेलं असतं. आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे दोन प्रकार, दोन्ही मागवा. दोन्ही वाढलेली असली तर संसर्ग ताजा किंवा पुन्हा जागा झालेला असू शकतो. लघवीची पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, परजीवीचे बीजाणू लघवीतून सतत पडत नाहीत.

कानासाठी सीटी स्कॅन सगळ्यांत उत्तम. एक्स-रेत कुपीची भिंत जाड किंवा आतली पोकळी पांढुरकी दिसली तर उपयोग आहे, पण एक्स-रे साफ आला म्हणून कान साफ ठरत नाही.

जाता जाता: सशांमध्ये हा परजीवी पहिल्यांदा दिसला १९२२ मध्ये, राइट आणि क्रेगहेड यांना, पिल्लांच्या लकव्याचा शोध घेताना. नाव पुढच्या वर्षी पडलं. त्याला पूर्वी आदिजीव मानत, आता तो बुरशीच्या गोतावळ्यात धरतात. फेनबेंडाझोलचा आधार मुख्यतः २००१ च्या एका प्रयोगाचा आहे: आधीच संसर्ग असलेल्या सशांना ४ आठवडे औषध दिल्यावर त्यांच्या मेंदूत परजीवी सापडला नाही, औषध न दिलेल्यांत सापडला. पण परजीवी मेला तरी मेंदूत झालेली सूज आणि इजा लगेच भरून येत नाही. म्हणून पाचव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून औषध सोडू नका.

पहाटवारा

डोसाचं गणित इथेच मांडू या, कारण दशांश चिन्हाच्या चुकीने घात होतो. मात्रा डॉक्टरच ठरवतील. हे फक्त बाटली आणि सिरिंज यांचा मेळ घालण्यासाठी.

फेनबेंडाझोल: किलोला २० मिग्रॅ, दिवसातून एकदा, २८ दिवस. २ किलोच्या सशाला ४० मिग्रॅ. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर १ मिलीत १०० मिग्रॅ, म्हणजे ०.४ मिली. २.५ टक्के असेल तर १ मिलीत २५ मिग्रॅ, म्हणजे १.६ मिली. एकाच औषधाच्या दोन बाटल्या आणि चौपट फरक. बाटली बदलली की गणित नव्याने करा. औषध तळाला बसतं, दर वेळी नीट हलवा, नाहीतर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस जहर.

मेलॉक्सिकॅम, सूज आणि दुखण्यासाठी: साधारण किलोला ०.५ मिग्रॅ, काही डॉक्टर १ मिग्रॅपर्यंत जातात. सशाला कुत्र्यापेक्षा किलोमागे जास्त लागतं, त्यामुळे कुत्र्याच्या कोष्टकावरून दिलेली मात्रा अपुरी पडते. २ किलोला १ मिग्रॅ म्हणजे १.५ मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून सुमारे ०.६७ मिली, ०.५ मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून २ मिली. ससा पाणी पीत नसेल किंवा मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर हे औषध धोक्याचं, आणि ई-क्युनिक्युलाय मूत्रपिंडांतही बसतो. म्हणून आधी रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन बघून घ्या.

१ मिलीची सिरिंज वापरा. ५ मिलीच्या सिरिंजवर ०.४ मोजता येत नाही.

कानोसा

अँटिबायोटिकबद्दल एक सूचना ठळक अक्षरांत हवी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि सेफॅलोस्पोरिन सशाला तोंडाने कधीही देऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि ससा जुलाबाने काही दिवसांत जातो. पेनिसिलिन इंजेक्शनने कातडीखाली चालतं आणि पुवावर चांगलं काम करतं, पण तेच तोंडाने घातक. तोंडाने नेहमी दिली जातात ती एनरोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा आणि अॅझिथ्रोमायसिन. एनरोफ्लॉक्सासिन कडू असतं, ससा ते लाळेसोबत बाहेर काढतो. किती पोटात गेलं याचा अंदाज ठेवा.

दुर्वा

आणि स्टेरॉइड? सूज लवकर उतरते म्हणून ते घ्यावं असंही वाचलं.

लंबकर्ण

यावर डॉक्टरांत दोन मतं आहेत, माझं विरोधात आहे. ससा स्टेरॉइडला फार संवेदनशील. थोड्या मात्रेनेही प्रतिकारशक्ती दबते, आणि ई-क्युनिक्युलायला दाबून धरणारी तीच तर असते. कानात पू असेल तर संसर्ग मोकाट सुटतो. पहिले दोन दिवस ससा तरतरीत वाटतो, म्हणून मोह होतो. मेलॉक्सिकॅम असताना तो धोका पत्करावा असं मला वाटत नाही. दोन्ही एकत्र तर नाहीच, जठरात व्रण होतात.

फेनबेंडाझोलही निर्धोक नाही. क्वचित ते हाडांतला मगज दाबतं, रक्तपेशी घटतात. सुरू करण्याआधी आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी. हिरड्या पांढुरक्या दिसणं, कातडीवर जांभळे डाग, अचानक मलूलपणा असं काही दिसलं तर त्याच दिवशी कळवा. मात्रा दुप्पट करून गुण लवकर येत नाही, मगजावरचा धोका तेवढा वाढतो. त्याच गटातलं अल्बेंडाझोल याहून जास्त धोक्याचं.

तृणांकुर

औषधांवर पुष्कळ झालं. पहिल्या आठवड्यात ससा वाचतो तो शुश्रूषेने, म्हणून त्यावर लिहिते.

लोळण. ससा स्वतःच्या अक्षाभोवती गरागरा लोळतो, बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. ही बहुतेक वेळा आकडी नसते. लोळणारा ससा शुद्धीत असतो, अंगाला आधार मिळाला की थांबतो. आकडीत तो आधाराने थांबत नाही, पाय वल्ह्यासारखे हलतात, हाक किंवा स्पर्श कळत नाही. लोळायला लागला तर पकडून दाबून धरू नका. दोन्ही तळवे अंगाच्या दोन बाजूंना टेकवा, छातीशी घ्या, थोडा वेळ स्थिर राहा. लोळण थांबतच नसेल तर डॉक्टर मिडाझोलमचं इंजेक्शन देतात. घरी देण्यासाठी मेक्लिझिन असतं. ते चक्कर आणि मळमळ कमी करतं, मूळ आजारावर काही करत नाही, पण चक्कर कमी झाली की ससा खातो, आणि तेच हवं असतं.

जागा. मोठा पिंजरा आता नको. ससा जेमतेम वळू शकेल एवढा खोका किंवा टोपली घ्या. टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या करून चारी बाजूंनी लावा, अशा की त्याचं अंग दोन्हीकडे टेकलेलं राहील. ज्या बाजूला डोकं खाली गेलंय त्या बाजूची गुंडाळी जाड ठेवा, कारण लोळण बहुतेक त्याच दिशेला जाते. खाली रबरी चटई, तिच्यावर ओल खाली जाऊ देणारं मऊ कापड. गुळगुळीत फरशीवर पाय सरकले की तोल अजून जातो. जाळीच्या भिंती नकोत, लोळताना पाय अडकून मोडतो. रात्री मंद दिवा राहू द्या. कान खोटं सांगत असताना तोल सांभाळायला त्याच्याकडे डोळेच उरतात, काळोखात तेही जातात.

उचलणं. कमीत कमी. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, अंग तुमच्या छातीला घट्ट टेकलेलं. डोकं खाली जाईल असा कधीही धरू नका. जवळ जाण्याआधी बोला. त्याचा एक डोळा छताकडे आणि एक जमिनीकडे असतो, अचानक आलेला हात त्याला झडप वाटते.

खाणं. १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर त्याला आणीबाणी समजा, मान राहिली बाजूला. मळमळणारा ससा ओकत नाही, तो फक्त खाणं सोडतो, लाळ गाळतो आणि दात करकरवतो. वाळलेलं गवत आणि पाणी दिलेल्या ओल्या पाल्याच्या छोट्या जुड्या थेट तोंडापाशी, वरच्या डोळ्याला दिसतील अशा ठेवा. घासापर्यंत मान न्यायला लावू नका. बाटलीतून पाणी पिणं त्याला जमत नाही. जड, उथळ वाटी ठेवा, तीही टॉवेलमध्ये रोवलेली.

स्वतः खात नसेल तर सिरिंजने भरवायचं. तयार पावडर मिळत नसेल तर गवताच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून बारीक वाटा, पातळ लापशीइतकं. पहिल्या वेळी किलोला ५ मिली, जमलं तर वाढवत किलोला १० ते १५ मिली, दिवसातून ४-५ वेळा. २ किलोच्या सशाला म्हणजे एका वेळी २० ते ३० मिली. ससा पोटावर बसलेला, डोकं त्याच्या सोयीच्या कलात. सरळ करू नका. सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घाला. एका वेळी ०.५ ते १ मिली, आणि चावून गिळल्याचं दिसेपर्यंत थांबा. घाईत भरलेलं श्वासनळीत जातं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मानेपेक्षा लवकर मारतो. लोळण चालू असताना भरवू नका. पोट ताठ, ढोलासारखं लागलं तर भरवू नका, आधी डॉक्टर.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा रोज एकाच वेळी वापरा. २ किलोच्या सशाचं १०० ग्रॅम घटलं तर कळवा, २०० घटलं तर धावा.

पहाटवारा

तृणांकुर, सुरेख. डोळ्याचं राहिलं, आणि ते सगळेच विसरतात.

खालचा डोळा कापडावर घासतो. वरचा सताड उघडा राहून कोरडा पडतो, आणि चेहऱ्याची नस गेली असेल तर पापणीच मिटत नाही. दोन दिवसांत बुबुळावर व्रण होतो. मिटते का हे पाहायला डोळ्यासमोर हात हलवू नका, निरोगी ससेही त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत. नाकाकडच्या कोपऱ्यालगत कातडीला स्वच्छ बोट हलकेच लावा आणि दोन्ही पापण्या भेटतात का बघा. भेटत नसतील तर कार्बोमरचं जेल दिवसातून ४ ते ६ वेळा, झोपताना जाडसर साधं वंगण मलम. डोळा लाल, दुधी किंवा मिचमिचा झाला तर डॉक्टरांकडून रंगाची पट्टी लावून व्रण तपासून घ्या. स्टेरॉइड असलेले डोळ्याचे थेंब व्रणावर पडले तर डोळा जाऊ शकतो.

डोळ्याच्या आत, बाहुलीजवळ पांढरा ठिपका किंवा गोळा दिसला तर त्याचा फोटो डॉक्टरांना नक्की दाखवा. भिंग फुटून आलेली ती सूज ई-क्युनिक्युलायची जवळजवळ सही असते.

दुर्वा

जोडीच्या सशाला वेगळं ठेवायचं का? त्याला लागण होईल ना?

लंबकर्ण

वेगळं करू नका, तो धक्का आजारी सशाला परवडत नाही. जोडीदार जवळ बसला की आजारी ससा खातो, अंग चाटून घेतो, शांत राहतो. जोडीदार अंगावर चढत किंवा ढकलत असेल तरच मध्ये जाळी, पण एकमेकांना दिसतील आणि नाक लागेल अशी.

लागणीचं म्हणाल तर ई-क्युनिक्युलायचे बीजाणू लघवीतून पडतात, तेही मुख्यतः संसर्गानंतर साधारण महिन्याने सुरू होऊन पुढचे काही आठवडे. मान कलते ती अनेकदा संसर्गानंतर खूप उशिरा, कधी वर्षांनी. तोवर जोडीदाराला जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. कित्येकांना तो आईच्या पोटातच मिळतो. दोघांचीही रक्तचाचणी करा आणि जोडीदाराला औषध द्यायचं का हे डॉक्टरांशी ठरवा.

स्वच्छता मात्र दोघांसाठी. लघवीची जागा रोज आधी पाण्याने धुवा, मगच पातळ ब्लीच, १० मिनिटं राहू द्या, धुऊन पूर्ण वाळवा. लघवीवर सरळ ब्लीच ओतलं तर घातक वाफा निघतात. लघवीचे पांढरे थर काढायला व्हिनेगर वापरत असाल तर ते वेगळ्या दिवशी, ब्लीचबरोबर कधीच नाही. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, म्हणजे केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल, तर सफाई त्यांनी करू नये. हा परजीवी अशा माणसांना होऊ शकतो.

कानोसा

शस्त्रक्रियेचा विषय टाळू नये. औषधांना दाद न देणारी, सीटीत भरलेली दिसणारी कुपी उघडून साफ करता येते, नळीचा खराब भाग काढता येतो. काम अवघड आहे. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागण्याची शक्यता असते, आणि सशांच्या भुलेचा सराव असलेल्या शल्यविशारदाकडेच करावी. मानेचा कल त्याने जाईलच असं नाही. पण दुखणं आणि पू जातो, ससा पुन्हा खायला लागतो. बरेच महिने अँटिबायोटिक बदलत बसण्यापेक्षा हा विचार लवकर करा.

दुर्वा

मान परत सरळ होईपर्यंत किती दिवस धरायचे? आणि थांबायचं कधी, हा प्रश्न विचारायला जड जातं, पण विचारते.

रानजाई

विचारलंत ते बरं केलंत.

लोळण आणि डोळ्यांची थरथर बहुधा आधी कमी होते, काही दिवसांत ते दोन आठवड्यांत. कल उतरायला आठवडे ते महिने. पुष्कळ सशांत थोडा कल कायमचा राहतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मेंदू त्या तिरक्या जगाशी जुळवून घेतो आणि ससा पळतो, खणतो, उड्याही मारतो. कल किती अंशांचा आहे यापेक्षा रोज तीन गोष्टी बघा: स्वतःहून खातो का, वजन टिकतं का, भोवतालात रस घेतो का.

एकदम पहिल्या-दुसऱ्या दिवशी, लोळण बघून, निरोप देण्याचा निर्णय घेऊ नका. तेव्हा सगळेच ससे सर्वांत वाईट दिसतात. योग्य औषध, मिडाझोलम किंवा मेक्लिझिन आणि भरवणं हे सगळं करूनही लोळण कित्येक दिवस तशीच असेल, भरवलेलंही पचत नसेल, आकड्या येत असतील, मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर मात्र त्याला ओढत ठेवणं बरोबर नाही. तो निर्णय घेणाऱ्या माणसाला इथे कुणी बोल लावू नये.

तृणांकुर

लोळण थांबल्यावर हालचाल लगेच सुरू करा, नुसतं खोक्यात ठेवलं तर स्नायू विरघळतात. टॉवेलच्या दोन गुंडाळ्यांमध्ये त्याच्या अंगापेक्षा चार बोटं रुंद वाट करा आणि त्यातून चालू द्या. दिवसातून तीन-चार वेळा, ५-५ मिनिटं. भिंतीचा आधार मिळाला की पाय जमिनीवर विश्वास ठेवायला शिकतात. वाट हळूहळू रुंद करत न्या. आवडता पाला कलाच्या विरुद्ध बाजूने, नाकापासून थोड्या अंतरावर धरा म्हणजे तो स्वतःहून मान वळवेल. ओढायचं नाही. दमला की थांबा, दमल्यावर कल वाढतो.

कल राहिलेल्या सशाला मागची स्वच्छता आणि खालचा कान चाटता येत नाही. ससा एरवी आपल्या मऊ लेंड्या परत खातो; कललेला ससा त्या वाकून स्वतः खाऊ शकत नाही, त्या बुडाला चिकटतात. ताज्या असतील तर त्याच्या तोंडापुढे धरा, बहुतेक ससे लगेच घेतात. बूड रोज बघा. ओलं, घाण राहिलं तर माश्या अंडी घालतात आणि २४ तासांच्या आत अळ्या कातडीत शिरतात. ओल्या कापडाने पुसा, टिपून कोरडं करा. पूर्ण आंघोळ नको, सशाचं अंग गार पडतं आणि भीतीने तो जाऊ शकतो.

दुर्वा

गवताची जाळी भिंतीवर उंच टांगलेली असते, ती तशीच चालेल?

तृणांकुर

नाही. मान वर केली की तोल जातो, आणि गवताचा चुरा उघड्या डोळ्यात पडतो. गवत जमिनीवर, कललेल्या तोंडासमोर पसरून ठेवा, आणि ओलं झालं की लगेच बदला.